पोटांतले जंत कसे ओळखूं आले

घरांतलें एखादें मूल रात्रीं झोपेंत दांत खाऊं लागलें, दिवसां नाक चोळूं लागलें, गालावर पांढुरका डाग दिसूं लागला आणि पानावर बसल्यावर घास नको म्हणूं लागलें, कीं आपल्याकडे वडीलधाऱ्या बायकांचा निकाल ठरलेला असे. पोराला जंत झाले! मग पहाटे गुळाच्या खड्यांत घालून किरमाणी ओवा किंवा पळसपापडीची पूड दिली जाई आणि मागाहून एरंडेल. जंत पडले, तर निदान बरोबर. न पडले, तर औषध कमी पडलें असें ठरून दुसऱ्या खेपेस मात्रा वाढे. आपलें निदानच चुकलें असावें, अशी शंका मात्र सहसा कोणास येत नसे.

माजघरांतील या न्यायाला हंसण्याचें कारण नाहीं. युरोपांतील नांवाजलेले वैद्यहि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत याच न्यायानें चालत. नाकाची खाज, दांतांचा आवाज, तोंडाला सुटणारें पाणी, बेंबीभोंवतींचा मुरडा, चाळवलेली झोप हीं त्यांचीं लक्षणें. आणि खात्री करून घेण्याचा उपाय एकच, जंत पाडण्याचें औषध देऊन पाहणें. औषध सौम्य असतें, तर त्यांत फारसें बिघडलें नसतें. पण किरमाणी ओव्याच्या वर्गांतील वनस्पतींपासून काढलेलें सँटोनीन नांवाचें सत्त्व त्या शतकांत सर्रास वापरांत आलें होतें. तें घेतल्यावर रोग्यास सारें जग पिवळें दिसूं लागे, आणि मात्रा चुकली तर मुलाला आंचके येऊन तें दगावे. ज्याच्या पोटांत जंत मुळींच नव्हता, त्यालाहि हें सोसावें लागे. आणि ज्याच्या पोटांत जंतांचा गुंता झालेला, पण जो झोपेंत दांत खात नसे, तो तसाच राही. जंत ओळखावयाचा कसा हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ कधींच नव्हता.

ज्या जंताविषयीं हें बोलणें आहे, तो मोठा गोल जंत. मादी २० ते ३५ सेंटिमीटर लांब. नर कांहींसा लहान व शेपटीकडे आंकड्यासारखा वळलेला. रंग पांढुरका, किंचित् गुलाबी. लहान आंतड्यांत त्याचा मुक्काम वर्ष-दोन वर्षें असतो. लिनियस यानें १७५८ सालीं त्याला जें शास्त्रीय नांव दिलें, त्यांतील 'लुंब्रिकॉइडिस' या उत्तरपदाचा अर्थ गांडुळासारखा. गंमत अशी कीं, चरकसंहितेच्या विमानस्थानांत वीस प्रकारचे कृमि सांगतांना, कफापासून होणाऱ्या कृमींपैकीं कांहीं वाटोळे, गांडुळाच्या आकाराचे, पांढरे व तांबूस झांक असलेले असतात असें वर्णन आलें आहे. मधें एवढा काळ आणि एवढा समुद्र, पण उपमा एकच सुचली! चरकानें लक्षणेंहि दिलीं आहेत. मळमळ, तोंडाला पाणी सुटणें, अरुचि, अपचन, ताप, शिंका, कृशता. हीं लक्षणें खोटीं नाहींत. पण तीं दुसऱ्या पन्नास विकारांतहि होतात. शिवाय आयुर्वेदांत 'निदान' या शब्दाचा मूळ अर्थ रोगाचें कारण असा आहे, आणि गोड व गूळ यांचें अतिसेवन हें कृमींच्या कारणांत गणलेलें आहे. गूळ खाल्ल्यानें जंत होतात ही समजूत तेथूनच घरोघर उतरली असावी.

ग्रीसमध्यें ॲरिस्टॉटल यानें पोटांतील कृमींचे चपटे, गोल आणि बारीक असे तीन वर्ग केले. चपट्या कृमीविषयीं त्यानें एक मार्मिक गोष्ट नमूद केली आहे. रोग्याच्या शौचांतून खरबुजाच्या बियांसारखे कण पडतात आणि वैद्य त्यांवरून कृमि ओळखतात. म्हणजे शौचांत शोध घ्यावा ही कल्पना फार जुनी. पण गोल जंताचे तुकडे पडत नाहींत. तो पडला तर सबंध पडतो, नाहींपेक्षां आंत दडून राहतो. त्याची जी खूण रोज बाहेर पडते, ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीं.

ती खूण म्हणजे त्याचें अंडें. एक मादी दिवसाला सुमारें २,००,००० अंडीं घालते. अंडें मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाएवढें, पित्तानें रंगून सोनेरी तपकिरी झालेलें, वरून खडबडीत उंचवट्यांचें कवच असलेलें. एकदां नीट पाहिलें, कीं पुन्हां ओळखण्यास अडचण पडत नाहीं.

आतां श्रोत्यांनीं पुढील साल-सनावळी लक्षांत घ्यावी. हॉलंडांतील डेल्फ्ट शहरच्या लेवेनहूक यानें १६८१ सालीं आपल्याच पातळ शौचाचा कण आपण घासलेल्या भिंगाखालीं धरून त्यांतले हालते जीव पाहिले. १६८३ सालीं लंडनच्या एडवर्ड टायसन यानें गोल जंत चिरून त्याच्या अंतर्रचनेचें वर्णन रॉयल सोसायटीच्या पत्रिकेंत छापलें. १६८४ सालीं इटलींतील फ्रान्सेस्को रेडी याचा प्राण्यांच्या पोटांतील प्राण्यांवरचा ग्रंथ निघाला. त्यांत जंतांतील नर-मादी आणि मादीच्या उदरांतील अंडीं यांची माहिती आहे. भिंग होतें, शौच भिंगाखालीं गेलें होतें, अंडीं ठाऊक होतीं. या तीन गोष्टी एका माणसाच्या हातीं एकत्र येण्यास पुढें जवळजवळ पावणेदोनशें वर्षें लागलीं!

भिंगाला यांत दोष देतां येत नाहीं. आड आली ती समजूत. जंत हा शरीरांतच, आंतड्यांतील आमाशापासून आपोआप उपजतो, असें विद्वान् लोक मानीत. कुजक्या मांसांत अळ्या आपोआप होत नाहींत हें १६६८ सालीं प्रयोगानें सिद्ध करणारा रेडीसुद्धां पोटांतील कृमींच्या बाबतींत जुन्या मतांतून पुरता सुटला नाहीं. अठराव्या शतकांत डेन्मार्कच्या शास्त्रीय अकादमीनें या प्रश्नावर बक्षीस लाविलें, तेव्हां कृमि प्राण्यांच्या शरीरांत उपजतच असतात असें प्रतिपादणाऱ्या ब्लॉख यास तें मिळालें. बर्लिनचा रुडोल्फी आणि व्हिएन्नाचा ब्रेम्सर हे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींचे कृमिशास्त्राचे दोन अधिकारी पुरुष, दोघेहि स्वयंजननवादी. जंत अंड्यापासून होतच नसेल, तर रोग्याच्या शौचांत अंडीं शोधावयास कोण बसणार? गुळापासून जंत मानणारें माजघर आणि आमाशापासून जंत मानणारें विद्यापीठ यांत या एका बाबतींत तरी फारसें अंतर नव्हतें. १८५० नंतर जर्मनींतील क्युखेनमायस्टर यानें डुकराच्या मांसांतील फोड देहान्ताची शिक्षा झालेल्या एका कैद्याच्या अन्नांत मिसळले आणि शिक्षेनंतर त्याच्या आंतड्यांत चपटे कृमि दाखविले. कृमि बाहेरून येतो हें तेव्हांपासून नाकारतां येईना. हा प्रयोग वाचतांना अंगावर कांटा येतो, पण त्यानें काम केलें हेंहि खरें.

येथें कासिमिर दाव्हेन हा फ्रेंच गृहस्थ पुढें येतो. जन्म १८१२ चा. पॅरिसमध्यें रोगी तपासून त्यावर उपजीविका करावयाची आणि उरलेल्या वेळांत संशोधन करावयाचें, असा त्याचा क्रम होता. विद्यापीठांतील अध्यापकपद त्याच्या वाट्यास आलें नाहीं. १८५० सालीं अँथ्रॅक्स रोगानें मेलेल्या मेंढ्यांच्या रक्तांत काडीसारखे सूक्ष्म जीव आढळले, त्या कामांत त्याचा हात होता आणि इतिहासाच्या पुस्तकांत त्याचें नांव येतें तें त्यासाठींच. पण त्यानें कॉलऱ्याच्या रोग्यांचें शौचहि सूक्ष्मदर्शकाखालीं तपासलें होतें आणि त्यांतील सूक्ष्म जीवांचें वर्णन १८५४ सालीं प्रसिद्ध केलें होतें. ज्या पदार्थाकडे इतर वैद्य तोंड फिरवून पाहत, त्याची किळस त्याला उरली नव्हती. १८५७ सालीं त्यानें पॅरिसच्या जीवशास्त्र मंडळापुढें असें मांडलें कीं, रोग्यानें बाहेर टाकलेला मळ सूक्ष्मदर्शकानें पाहिला असतां आंतड्यांत कृमि आहेत कीं नाहींत हें ठरवितां येतें. कृति इतकी साधी कीं ती कोणासहि करितां यावी. काडीच्या टोंकावर येईल एवढा मळ, पाण्याचा एक थेंब, दोन कांचा. लक्षणांचा पाल्हाळ नको, औषधाची परीक्षा नको, कीं मूल दगावण्याची धास्ती नको. १८६० सालीं त्याचा कृमींवरील मोठा ग्रंथ निघाला आणि हळूहळू ही परीक्षा रुग्णालयांतून शिरली. अँथ्रॅक्सचा रोगी आज एखाद्या डॉक्टरला जन्मांत भेटणार नाहीं. मलपरीक्षेची चिठ्ठी मात्र तो रोज लिहितो.

कांचपट्टीनें पहिला धडा दिला तो असा, कीं हंसत्या-खेळत्या धडधाकट मुलाच्या शौचांत अंडीं भरलेलीं असूं शकतात आणि दांत खाणाऱ्या मुलाच्या शौचांत एकहि नसतें. थोडे जंत असलेल्या माणसास बहुधा कांहींच जाणवत नाहीं.

तरीहि अंडें पोटांत गेलें म्हणजे त्याचाच जंत होतो, हें माणसावर दाखविणें बाकी होतें. बाहेर पडलेलें अंडें ताजेपणीं निरुपद्रवी असतें. ओलसर मातींत कांहीं आठवडे राहून आंत अळी तयार झाली, म्हणजे मग तें बाधतें. इटलींतील बात्तिस्ता ग्रासी हा तेव्हां चोवीस वर्षांचा तरुण. १० ऑक्टोबर १८७८ रोजीं एका प्रेताच्या आंतड्यांत त्याला पुष्कळ जंत सांपडले. त्यानें तीं अंडीं ओलसर ठेविलीं आणि स्वतःच्या शौचाची परीक्षा सुरू केली. आपल्या पोटांत आधींचा जंत नाहीं ना, याची खात्री करून घेण्यासाठीं ही परीक्षा त्यानें अनेक महिने चालविली. मग २० जुलै १८७९ रोजीं त्यानें १०० अंडीं गिळलीं. २१ ऑगस्टला त्याच्या शौचांत जंताचीं अंडीं दिसलीं. प्रयोग सिद्धीस गेला असें त्यास वाटलें, आणि पुढें कित्येक वर्षें सर्वांसच वाटलें.

पण आज हा हिशेब जमत नाहीं. गिळलेल्या अंड्यापासून मादी वाढून ती स्वतः अंडीं घालूं लागेपर्यंत दोन ते तीन महिने जातात. ग्रासीला अंडीं दिसलीं तीं ३२ दिवसांनीं. म्हणजे तीं त्यानें गिळलेल्या अंड्यांचीं फळें नव्हेत. त्या उन्हाळ्याच्या आधींच केव्हां तरी दुसऱ्याच वाटेनें, एखाद्या भाजीच्या पानाबरोबर म्हणा, त्याच्या पोटांत जंत गेला असला पाहिजे. इतकी काळजी घेऊनहि त्याला हें कळलें नाहीं, कारण जंत पोटांत असूनहि अंडीं न दिसण्याचा काळ असतो ही गोष्ट तेव्हां कोणासच ठाऊक नव्हती. सिद्धान्त खरा आणि पुरावा खोटा, असा हा विलक्षण प्रकार. त्याचा सहकारी कालांद्रुच्चो यानें पुढें सात वर्षांच्या एका मुलाला आधीं औषधानें साफ करून मग अंडीं खाऊं घातलीं, तेव्हां त्याच्या पोटांतून शंभरावर जंत पडले. हा पुरावा पक्का. त्या मुलाचें नांव मात्र विज्ञानाच्या इतिहासांत कोठें येत नाहीं.

मधले दोन महिने जंत काय करितो, याचा उलगडा १९१६ सालीं हाँगकाँगांत झाला. तेथें असलेला इंडियन मेडिकल सर्व्हिसचा अधिकारी फ्रान्सिस स्ट्युअर्ट यानें उंदरांना अंडीं चारलीं. उंदीर न्यूमोनियानें आजारी पडले; त्यांच्या यकृतांत आणि फुप्फुसांत जंताच्या अळ्या निघाल्या. प्रथम त्यानें त्यावरून उंदीर हाच या जंताचा मधला यजमान असावा असा चुकीचा तर्क केला. खरी गोष्ट अशी, कीं अळी आंतड्याची भिंत भेदून रक्तावाटे यकृतांत व तेथून फुप्फुसांत जाते, श्वासनलिकेंतून घशाशीं येते, गिळली जाते आणि पुन्हां आंतड्यांत उतरते. १९२२ सालीं जपानी वैद्य कोइनो यानें स्वतः २,००० अंडीं गिळून हें माणसावर दाखविलें. त्याला सणसणीत न्यूमोनिया झाला आणि त्याच्या थुंकींत अळ्या सांपडल्या. सुमारें पन्नास दिवसांनीं औषध घेतल्यावर ६६७ कोवळे जंत पडले. १९३२ सालीं झुरिकच्या लोफ्लर यानें एक चमत्कारिक विकार वर्णिला. एक्स-रेंत फुप्फुसावर आज येथें, आठवड्यानें तेथें सांवल्या दिसतात, रक्तांत इओसिनोफिल पेशी वाढतात आणि सर्व कांहीं आपोआप निवळतें. त्यामागें पुष्कळदां हाच प्रवासी असतो असें पुढें कळलें. अशा खोकणाऱ्या रोग्याचें शौच तपासून अंडीं नाहींत म्हणणें बरोबरच आहे, पण जंत नाहींत म्हणणें चूक आहे. पोटांत नुसते नर असले तरी अंडें दिसत नाहीं. नुसत्या माद्या असल्या तर वांझ अंडीं दिसतात, तीं लांबट, बेढब आणि नवख्या परीक्षकाच्या नजरेंतून हमखास सुटणारीं.

अंडीं आहेत कीं नाहींत यापुढचा प्रश्न किती आहेत हा. १९२१ सालीं विलिस यानें मिठाच्या दाट द्रावणांत मळ कालवून वर तरंगणारीं अंडीं टिपण्याची रीत सांगितली. ती अंकुशकृमीला उत्तम. पण गोल जंताचीं वांझ अंडीं जड असल्यानें तळाशींच राहतात. १९२३ सालीं अमेरिकेंतील नॉर्मन स्टोल यानें ठराविक मळ ठराविक द्रवांत मिसळून अंडीं मोजण्याची पद्धति बसविली. आपल्याकडेहि याच सुमारास मोजदादीचें युग सुरू झालें होतें. डॉ. कृ. श्री. म्हसकर आणि फादर कायस यांनीं मद्रास इलाख्यांतील अंकुशकृमीच्या चौकशींत निरनिराळ्या कृमिघ्न औषधांचा कस लावून पाहिला आणि आपले निष्कर्ष इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्यें लेखमालेनें प्रसिद्ध केले. अमुक औषध गुणकारी आहे हें सांगोवांगीवर न सोडतां तपासून पाहावयाचें, हा बदल लहान नव्हता. १९४७ सालीं स्टोलनें जगभरचे आंकडे जमवून अंदाज केला, तेव्हां गोल जंताचे धनी ६४ कोटींवर भरले. जगांतील दर दहा माणसांत तीन!

युद्धोत्तर जपानांत तर निम्म्याहून अधिक लोकांच्या पोटांत जंत होते, कारण शेतांना मानवी मळाचें खत घालीत. लाखों शाळकरी मुलांचें शौच तपासावयाचें, तर पाण्याच्या थेंबाची रीत अपुरी पडे. १९५४ सालीं काटो व मिउरा यांनीं जाड थरावर ग्लिसरिनांत भिजविलेला सेलोफेनचा तुकडा दाबून बसविण्याची युक्ति काढली. ग्लिसरिननें मळ पारदर्शक होतो आणि अंडीं उठून दिसतात. १९७२ सालीं ब्राझीलमध्यें काट्झ व त्याच्या सहकाऱ्यांनीं तींत मापाची चकती आणली. तिच्या छिद्रांत ४१.७ मिलिग्रॅम मळ मावतो. मिळालेल्या आंकड्यास २४ नीं गुणिलें, कीं एका ग्रॅममधील अंडीं निघतात. ५,००० च्या आंत हलका प्रादुर्भाव, ५०,००० पासून पुढें भारी, असें जागतिक आरोग्य संघटनेचें कोष्टक आहे.

कधीं कधीं मात्र मोजीत बसण्यास सवड नसते. मुलाचें पोट फुगतें, हिरवी ओकारी होते आणि जंतांच्या गोळ्यानें आंतडें बंद झालेलें असतें; किंवा जंत वर सरकून पित्तनलिकेंत घुसतो आणि मोठा माणूस वेदनेनें गडबडां लोळतो. अशा वेळीं शौचांतील अंड्यांवरून जंत कोठें अडकला हें कळत नाहीं. काश्मीरमध्यें हा प्रकार फार. श्रीनगरच्या डॉ. मोहम्मद सुलतान खुरू व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असे रोगी मोठ्या संख्येनें अभ्यासून १९९० सालीं लॅन्सेट पत्रांत वृत्तान्त दिला. अल्ट्रासाउंडच्या पडद्यावर जंत लांब पट्टीसारखा दिसतो आणि जिवंत असला तर वळवळतांनाहि दिसतो. पोट न फाडतां तो जागच्या जागीं पाहतां येऊं लागला.

औषधें मात्र दरम्यान निर्धोक झालीं. सँटोनीन मागें पडलें, अल्बेंडाझोल आलें. १० फेब्रुवारी २०१५ पासून भारतांत राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळतात. १ ते १९ वर्षांच्या मुलांना शाळांतून व अंगणवाड्यांतून गोळी दिली जाते, लहानग्यांना अर्धी. दर मुलाची मलपरीक्षा करीत नाहींत. वरवर पाहतां हा जुन्या माजघराचाच न्याय वाटेल. परंतु येथें वस्तीची पाहणी आधीं झालेली असते, आणि तीच सेलोफेनची कांचपट्टी ती पाहणी करिते. ज्या वस्तींत पांचांत एकाला जंत आहेत, तेथें सरसकट औषध द्यावें असा नियम आहे. रोगी एकच, गांव. त्याचें निदान पुरें होतें.

मलपरीक्षेला रोगी जिवंतच असावा लागतो असेंहि नाहीं. इंग्लंडांतील लेस्टर शहरीं २०१२ सालीं मोटारी उभ्या करण्याच्या जागेखालीं, बॉसवर्थच्या लढाईंत १४८५ सालीं पडलेला राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा सांपडला. संशोधकांनीं त्याच्या त्रिकास्थीलगतची, म्हणजे जेथें एके काळीं आंतडीं होतीं तेथली, माती घेतली. पडताळ्यासाठीं कवटीजवळची आणि थडग्याबाहेरचीहि घेतली. कवटीजवळ कांहीं नव्हतें, बाहेर अगदीं तुरळक. त्रिकास्थीजवळच्या मातींत मात्र गोल जंताचीं पुष्कळ अंडीं निघालीं. २०१३ सालीं हें प्रसिद्ध झालें, तेव्हां राजाला मरून ५२८ वर्षें झालीं होतीं.